सकाळी एकच थेंब

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज लिहायला बसले ते तुमच्या बहिणीमुळे. धसईच्या आत्यालाही तुमच्यासारखाच काचबिंदू झाला आहे.

तुमचे थेंब मला आठवतात. लावणीच्या दिवसांत तुम्ही चिखलाचे हात अंगापासून लांब धरून खाचराच्या बांधावर बसायचात, मान मागे टाकायचात आणि मी बाटली पिळायचे. अर्धं औषध गालावरून ओघळायचं, उरलेलं घशात उतरायचं. "डोल्याचं औषध, नि कडू लागतंय जिभंला," म्हणून तुम्ही हसायचात, पुन्हा आवणाची रोपं लावायला वाकायचात, आणि दुपारचा थेंब हमखास राहून जायचा. औषधशास्त्र शिकायला लागल्यावर कळलं, पातळ थेंब डोळ्यात टिकतच नाही. आता मी त्यावरच काम करते. बाटलीत पाण्यासारखा, पण डोळ्याची ऊब लागली की घट्ट होऊन बसणारा, दिवसभर हळूहळू औषध सोडणारा थेंब. कोणी विचारलं की सांगते, माझ्या वडिलांसाठी करतेय. घरातली पहिली पदवीधर मी. असं सांगताना माझा आवाज चढतो.

दिवाळीत आत्याच्या चुलीपाशी तो असाच चढला. "सकाळी एकच थेंब, आत्या. बास!"

"पेज थंड झाली का घट व्हते, तुजं उलटंच गो! नि माशी चिकटली म्हंजे?" ती खळखळून हसली, मीही हसले. हे सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे, माणसाच्या डोळ्यात घालायला कितीतरी वर्षं लागतील, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं असतं तर तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरलं असतं.

शिमग्याला गेले तेव्हा चहा घेऊन येताना ती दाराच्या चौकटीवर आदळली. थेंबांची बाटली कुठे आहे, म्हणून मी विचारलं.

"कवाच संपली. तुजी येनार हाय ना? घरची पोरगी बनवतेय, मंग बाजारची कशाला घालू?"

दुसऱ्या दिवशी तिला मुरबाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थेंब का बंद केले, म्हणून ते तिच्यावर चिडले. "मीच इसरले, डाक्टर. माज्या ध्यानात ऱ्हात नाय," ती म्हणाली आणि माझा हात दाबला. मी तिला बाहेर बाकावर बसवून आत आले, तेव्हा त्यांनी सांगितलं की बाजूची गेलेली नजर आता परत येणार नाही. उरलेली तरी सांभाळा.

आता मी रोज फोन करून तिला तिन्ही वेळचे थेंब घालायला लावते. प्रयोगशाळेत पाहुणे आले की माझं काम दाखवते, पण "वडिलांसाठी" हा शब्द तोंडातून निघत नाही.

त्या दिवशी मुरबाडहून धसईला परतताना आत्या एसटीच्या खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुजं औषध आलं का ह्या बाजूचं परत दिसल ना गो?"

खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण मी तिला काय उत्तर दिलं, हे तुम्ही विचारणार नाही. मी हो म्हणाले, बाबा.