मिराबिले की होरिबिले

४ मार्च, मंगळवार

चष्मेवाल्यांना हो म्हणून बसले! दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. ते म्हणाले, "मग, करायचं का लग्न आपण?" आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. या वयात. सुईत दोरा ओवता येईना म्हणून चष्मा करायला गेले होते मी.

आता बाबांना सांगायचं.

५ मार्च

बाबांनी जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलं. त्यातलं आमच्या घरात एवढंच उरलं – बातमी चांगली असेल तर आधी "मिराबिले दिक्तू" म्हणायचं, म्हणजे सांगायलाही नवल वाटावं असं. वाईट असेल तर "होरिबिले दिक्तू", सांगतानाही अंगावर काटा यावा असं. मग जरा थांबायचं, आणि मग बातमी. ऐकणाऱ्याला नीट बसायला वेळ मिळतो, असं बाबांचं म्हणणं. धाकटी बहीण नापास झाली तेव्हा दाराबाहेरूनच "होरिबिले" ओरडली होती. हे गेले तेव्हा मात्र मला फोनवर शब्दच फुटला नाही. बाबांनी त्यावरूनच ओळखलं.

मग माझी ही बातमी कुठली? मला विचाराल तर मिराबिले. पण हे बाबांचे लाडके विद्यार्थी, जावई नंतर झाले. शिवाय हे गेल्यावर महिन्याभरातच बाबा स्वतःच्या घरी न्हाणीघरात पडले, गुडघा धरला, आणि तेव्हापासून माझ्याकडेच आहेत. जिना उतरायचा तर कठडा धरून, एकेक पायरी. चष्मेवाले म्हणतात, "येतील की आपल्याबरोबर." पण बाबा दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्यातले नाहीत. त्यांना एकटं कसं टाकू?

८ मार्च

नाही सांगितलं.

९ मार्च

आजही नाही. धाकटी फोनवर म्हणते, "मिराबिले म्हण आणि पळ काढ." हिला काय जातंय!

आमच्या शिवणाच्या दुकानात पडद्याचं कापड उलटं कापलं. मालकीणबाई म्हणाल्या, "नव्या चष्म्यातूनही दिसेना का?" बरोबरच्या दोघी खाली मान घालून हसत होत्या. म्हणजे सगळ्या गावाला कळलंय, बाबा सोडून.

१२ मार्च

सांगितलं!

बाबा पेपर वाचत होते. समोर चहा ठेवला. "बाबा," म्हटलं आणि पहिला शब्द कुठला ते ठरेना. तेव्हा मी नुसतंच "दिक्तू" म्हणाले.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "आणि पुढचा शब्द कुठे गेला?"

"तो तुम्ही ठरवा," म्हटलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"माझ्या डाव्या डोळ्याचा नंबर त्यानेच काढलाय," शेवटी म्हणाले. "घाई करत नाही. माणूस बरा आहे."

"पण बाबा, हे..."

"तो माझा विद्यार्थी होता. कद्रूपणा नव्हता शिकवला मी त्याला." मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मिराबिले."

मी रडले. बाबांचा चहा गार झाला. दुसरा करून दिला, त्यात साखर घालायची विसरले, तोही त्यांनी मुकाट्याने प्यायला.

१३ मार्च

गाढ झोप लागली. किती हलकं वाटतंय! बाबांचं सगळं इथेच करायचं, मी रोज येऊन जाईन. चष्मेवाले हो म्हणालेत.

१६ मार्च, रविवार

सकाळी बाबा दारात, बॅग भरून. कुठलाच शब्द आधी न लावता म्हणाले, "घरी निघालो."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय झालंय? मी पडलोच नव्हतो. तू इथे एकटी होतीस."

बॅग त्यांनीच उचलली. मी वरून बघत होते. दोन्ही जिने भराभर उतरून गेले, कठड्याला हातही लावला नाही.