‘मौनाचा बाप’ आणि मला झालेला दगा

३ ऑगस्ट २०२५, रविवार
एकांकिका पूर्ण. नाव ‘मौनाचा बाप’. विषय ऑटिझम. बाभुळगावात या विषयाला हात घालणारा मी पहिला. बाप अर्थात मी. ऑटिस्टिक मुलीचं काम अर्पिताला. बी.ए. फायनल, डोळे मोठे.
धाकटी बहीण मैना भांडायला आली. "दादा, माही वैष्णवी खुद्द ऑटिस्टिक हाये, तिले नाटकाचं येड हाये, अन् तू तिचं काम दुसरीले देतं?" बहीण चांगली आहे, शास्त्र कळत नाही. जे आपण आहोतच, ते स्टेजवर करण्याला अभिनय म्हणत नाहीत. हे मला कोणी शिकवलं नाही. मंडप डेकोरेशनचा धंदा सांभाळून स्वतः अभ्यासलं.
भाचीला डावललं मात्र नाही. तिला बघून अर्पिता शिकेल.

१० ऑगस्ट
गोडाऊनमध्ये तालीम. वैष्णवी खुर्चीवर, अर्पिता समोर निरीक्षणाला. थोड्या वेळाने वैष्णवी म्हणे, "मामा, हे मान काहून हलवून राह्यली? मी तं नाही हलवत."
म्हटलं, प्रेक्षकांना कळायला पाहिजे.
"काय कळाले पाह्यजे?"
उत्तर होतं. वेळ नव्हता.

२४ ऑगस्ट
दगा. अर्पिता नोकरीसाठी पुण्याला. फोनवर नुसतं "सर, सॉरी".
धम्मदीप (लाइट, साउंड, माझाच माणूस) म्हणे, "भाऊ, वैष्णवीले घ्या ना. तिले तुमचेबी डायलॉग पाठ हायेत." तेच तर खटकतं. नाइलाजाने घेतली. पत्रिकेवर ‘अस्सल कलाकार’ छापायचं. नीट विचार केला तर कल्पना मुळात माझीच होती.

१४ सप्टेंबर
खडूच्या खुणा स्वतः मारल्या. माझा नियम: एकदा बसवलं की तसूभर हलायचं नाही. बाप रडतो, कंदील मंद होतो, मुलगी उठून जाते. वैष्णवीला एकदाच सांगावं लागलं. शिकवणारा चांगला असला की असं होतं.
तालमीनंतर म्हणे, "मामा, नाटकातल्या वकीलबाईचं काम मले द्या. हे पोरगी तं बोलतच नाही. मले अॅक्टर व्हायचं हाये. त्याच्यावरच पोट भराचं हाये."
समजावलं. वकीलबाईला समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलावं लागतं, तुला जमणार नाही.
"ते शिकता येते मामा. तुमाले गप राहणं शिकता येईन का?"
हसण्यावारी नेलं. घरी येऊन वकीलबाईच कापून टाकली. नाटक सुटसुटीत झालं.

५ ऑक्टोबर, पुसद
पुन्हा दगा. तोही भर एकांकिका स्पर्धेत.
माझा पहिला हुंदका पडला आणि हॉल चिडीचूप. अशा क्षणी कलावंताने थांबायचं का? रडणं वाढवलं. आणखी वाढवलं. धम्मदीपने कंदील मंद केला. वैष्णवी उठली आणि विंगेत गेली. मी "बोल, माझ्या पाखरा!" असं आयत्या वेळी सुचलेलं वाक्य म्हणत कवटाळायला वळलो, तर रिकामं स्टूल. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, पोरगी गेली ना!" हॉल फुटला.
विंगेत विचारलं, थांबली का नाहीस? म्हणे, "तसूभर हलाचं नाही, तुमीच म्हटलं ना."
अभिनयाचं पहिलं बक्षीस वैष्णवीला. अख्ख्या नाटकात एक शब्द बोलली नाही. परीक्षक कुठून आणतात कोण जाणे.

६ ऑक्टोबर
संकल्प: माफ करणे. पुढचं नाटक खास तिच्यासाठी लिहिणे. त्यातही बाप असेलच.

२२ नोव्हेंबर
हा दगा सगळ्यात खोल. नागपूरच्या एका नाट्यसंस्थेने वैष्णवीला मानधनावर घेतलं. मला कळलं ती गेल्यावर. मैनाला म्हटलं, आधी विचारायचं तरी.
"दादा, विचारलं असतं तं तू हो म्हटलं असतं?"
म्हटलं, नाही.
"म्हणून."
जिला मी माझ्या गोडाऊनमध्ये उभं केलं! तिथे तरी काय देणार तिला? गप्प बसणारी मुलगीच. म्हणजे तंत्र माझंच. संकल्प: तिच्या प्रयोगाला पाऊल ठेवायचं नाही.

१८ जानेवारी २०२६, यवतमाळ
प्रयोग जवळच होता, म्हणून गेलो. मैना शेजारी. बायकोचं हळदीकुंकू, ती घरी.
पडदा उघडला. पिकल्या केसांची सासू सुनेला झापतेय. तोंडाचा पट्टा असा, आणि नजर अशी रोखलेली, की पुढच्या रांगेतल्या बायका सावरून बसल्या. याला म्हणतात नटी! दोनदा टाळ्या मीच सुरू केल्या. वैष्णवीची वाट बघत होतो. मध्यंतर झालं तरी पत्ता नाही. रोल कापला असणार. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं. मैनाला विचारलं, आपली केव्हा येते?
मैना माझ्याकडे बघतच राहिली. "दादा, मंग ते सासू कोण हाये?"
उरलेलं नाटक आठवत नाही.
नंतर मेकअप रूममध्ये गेलो. बरंच बोलायचं ठरवलं होतं. निघालं एवढंच, की मी तुला ओळखलं नाही. तिचा चेहरा उजळला. "खरंच मामा? कुठलोक?"
मध्यंतरापर्यंत, म्हटलं.
"मध्यंतरालोक! अन् माह्या सख्ख्या मामानं!" विग हातात घेऊन सगळ्या नटांना सांगत सुटली. सगळे येऊन माझ्याशी हात मिळवून गेले.
घरी बायकोने दारातच विचारलं, "कसं केलं हो आपल्या वैष्णवीनं?"
मला काही दिसली नाही, म्हटलं, आणि हातपाय धुवायला गेलो.