कव्हरांचे मालक

भुईगाव, वसई
१८ नोव्हेंबर २००४

प्रिय हर्षवर्धन भाऊजी,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. वाडीत केळी बरी आली आहेत, लेक जीनाला शाळेत नोकरी लागली.

तुमचं निमंत्रण पोहोचलं. छपाई झकास आहे. ‘प्लासिड यांनी स्वहस्ते सोपवलेला रेकॉर्डसंग्रह’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये त्या रेकॉर्ड पहिल्यांदाच वाजणार, आणि त्याआधी मी दोन शब्द बोलावेत अशी तुमची इच्छा. येते की. का नाही येणार?

फक्त ते ‘स्वहस्ते’ कुणाच्या हातांनी, एवढं आपसात ठरवून घेऊ. प्लासिड जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्साला आम्ही सगळे चर्चमध्ये होतो, तेव्हा तुम्ही टेम्पो घेऊन त्यांच्या रेकॉर्डच्या दुकानावर आलात. किल्ली तुमच्याकडे होतीच, त्यांचे जिवलग दोस्त म्हणजे घरचेच ना तुम्ही! सीडीच्या जमान्यात ही अडगळ बाईमाणसाला कशाला, असं नंतर मला समजावलंत. मी चहा दिला आणि गप्प बसले. त्याचं तुम्हाला नवल कसं वाटलं नाही?

आता सांगते. स्टेशनाजवळचं दुकान, रेकॉर्ड चोरीला जायच्या. म्हणून प्लासिड फळीवर नुसती कव्हरं मांडायचे, आणि ती वाकू नयेत म्हणून आत घासून बाद झालेल्या तबकड्या घालायचे. गिऱ्हाइकानं कव्हर निवडलं की “पुसून देतो” म्हणत आत जायचे आणि खरी रेकॉर्ड घालून आणायचे. वीस वर्षं तुम्ही काउंटरला टेकून उभे राहिलात, आणि तुम्हाला वाटलं माणूस खरंच पुसतोय.

खऱ्या रेकॉर्ड आतल्या खोलीत खाकी पाकिटांत होत्या. त्या मी ऐकणाऱ्यांना वाटून टाकल्या. पाचूबंदरचा कृष्णा मासे घेऊन येतो, त्याला म्हटलं, याला कव्हर नाही रे. तो म्हणाला, “वहिनी, गानं काय बघाचं असतं?” तुम्ही सहा वर्षं सगळं काचेच्या कपाटात जपलंत. एक जरी लावली असतीत, तरी कळलं असतं.

हे पत्र कृष्णाच्या हातून तुम्हाला रविवारी सकाळीच पोहोचेल, असंच मी ठरवलं आहे. तुम्ही लोकांना खरं सांगा, नाहीतर मी सांगते.

राग रेकॉर्डींचा नाही, भाऊजी. प्लासिड पंधरा दिवस अंथरुणावर होते. रोज विचारायचे, “हर्षू आला काय?” मी तुम्हाला चार फोन केले. ऑफिसात ऑडिट आहे, म्हणालात.

राजोडीच्या बायकांनी गायलेल्या लग्नगीतांची ती रेकॉर्ड, जी तुम्ही दोघं दहा वर्षं शोधत होतात, ती प्लासिडना सापडली होती. तुमच्यासोबतच ऐकायची म्हणून एकदाही लावली नाही. जाताना म्हणाले, ही हर्षूला दे. मी दिली नाही. हे पाप मी फादरांनाही सांगितलेलं नाही.

दर रविवारी मी ती लावते. सुई बोथट झाली आहे, तबकडी खरवडते, तरी मुद्दाम बदलत नाही. बायकांचे आवाज खरखरीत बुडत चालले आहेत. नाताळपर्यंत काहीच ऐकू येणार नाही. मग प्लासिडच्या इच्छेप्रमाणे ती तुम्हाला पाठवून देईन.

प्लासिडची,
सालोमी