छापायच्या आधीच पुसलेला दगड

२३ मार्च २०२०, क्लेटन
युनि बंद. शिळाछापाच्या वर्कशॉपला कुलूप. बाबांचा चेहरा दगडावर काढून, रेषा पक्क्या व्हाव्यात म्हणून डिंकाचा हात देऊन ठेवलाय. या आठवड्यात मी पहिला छाप काढणार होते. आजोबांचा साधा फोटोही नाही आमच्या घरात, बाबांचं तरी... नागपूरला घरी फोन केला. बाबा म्हणाले, "दगडच तो. नासणार थोडाच?"

११ ऑगस्ट
माझी गाईड मार्ग, तिचा ईमेल. बंदच्या काळात वर्कशॉप आवरलं, सगळे दगड घासून कोरे केले. माझाही. 'No worries, you can redraw it.'
नो वरीज म्हणे!

१२ ऑग.
झूमवर मार्गशी कडाक्याचं भांडण. तिचं म्हणणं, "तुझ्याच थीसिसमध्ये आहे ना? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसचे छापखाने दगड घासून पुन्हा वापरायचे."
"छापून झाल्यावर घासायचे!" मी ओरडलेच. ती म्यूटवर गेली.
हाउसमेट गुरप्रीत: "छोड़ ना यार, फोटो से बना ले." तिच्याशीही बोलत नाहीये.

१६ ऑग.
बाबांना सांगितलं. हसले. "काढ पुन्हा. मी कुठं पळून चाललो?" त्यांनी चिडावं असं वाटत होतं. का चिडत नाहीत हे?

१८ सप्टें.
बाबा पॉझिटिव्ह. हॉस्पिटलात, ऑक्सिजनवर. आईला आत सोडत नाहीत. इथे परदेशात लॉकडाउन, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी, नागपूर कुठलं! सगळ्यांचा संताप येतोय. भांडी आपटली. गुरप्रीतने चहा आणून ठेवला. प्यायले.

१० ऑक्टो.
बाबा घरी आले. व्हिडिओवर ओळखूच येईनात. गाल आत, मिशी काढलेली. "जयभीम बेटा," एवढ्यानेच धाप लागली. म्हटलं, बरं वाटलं की थोडा वेळ समोर बसाल? चित्र काढते.
"या तोंडाचं नको. ते दगडावरचं आहे ना? त्यात बरा दिसतो मी."
दगड पुसल्याचं सांगितलेलं विसरलेत. पुन्हा सांगितलं नाही.

३० नोव्हें.
वर्कशॉप उघडलं. मार्गने तोच दगड टेबलावर काढून ठेवलेला, पांढराफटक. "सॉरी," म्हणाली. मी माफ करणार नाही.
फोन दगडाला टेकवून ठेवला, घरी लावला. आई म्हणाली, "भिंतीकडे तोंड करून पडलेत. नव्या चित्राचं नावही काढू देत नाहीत."
"आई, ते दगडावरचं चित्र पुसलंय गं. त्यांना सांग."
"मी नाही सांगत. तूच बोल." तिने फोन त्यांच्या कानाशी धरला.
"बाबा..."
"हं?"
"तो दगड पुसलाय बाबा, कोरा आहे; तोंड इकडे करा, आहात तसेच काढते."