फळीत खोचलेली सुरी

नोमी बेट, हिरोशिमा
सप्टेंबरअखेर

प्रिय रुस्मिनी,

तुझी आई कशी आहे? तिच्या बोटांना अजून मुंग्या येतात का? मेणाने कापडावर नक्षी काढणाऱ्या बाईची बोटंच बधिर व्हायला लागली तर तिने करायचं काय? तिला म्हणावं, संध्याकाळी कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून हात बुडवून बस. आम्ही कालवं फोडणाऱ्या बाया जन्मभर तेच करत आलो, आणि आमची बोटं वाकडी झाली असली तरी अजून चालतात. कसान कसा आहे? उन्हात तळणाची गाडी ढकलून काळा पडलाय, असं तू लिहिलं होतंस. तुमच्या लग्नाच्या फोटोतही तो काही गोरापान दिसत नव्हता, म्हणून ती तक्रार मी मनावर घेत नाही. पण दुपारी त्याला चक्कर येते, ते मात्र घेते. टोपी घालतो का? आणि छोटी लास्मी? दात आले का, उभी राहते का, रडताना तुझ्यासारखं नाक फेंदारते का? सगळ्यात शेवटी तू. तुला शेवटी विचारते, कारण तुझं उत्तर मला पाठ आहे. ‘मी बरी आहे, आजी’ या एका ओळीवर तू मला किती दिवस वाटेला लावणार आहेस, बाई?

मी ठीक आहे. कठीण अक्षरं टाळून, मोठ्या गोल अक्षरांत लिहितेय, म्हणजे तुला शब्दकोश उघडावा लागणार नाही. खरं सांगायचं तर मलाही बरं पडतं. मी शाळेत फार टिकले नाही. मासळी गुंडाळून आलेली वर्तमानपत्रं वाचून वाचून जे शिकले तेवढंच, आणि त्या कागदांवर नेमका महत्त्वाचा शब्द ओला होऊन फाटलेला असायचा. चिझुकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा नवा आला, जीभ जुनीच राहिली. काल माझ्या अंगणात येऊन, पर्सिमॉनच्या झाडाकडे बघत म्हणते, “यंदा फळं बरी धरलीत, फुसाए. तू मेलीस की हे झाड मला.” मी म्हटलं, “तू आधी गेलीस तर तुझा नवा गुडघा मला.” मग तीच हसत सुटली आणि माझ्या वाट्याचा चहासुद्धा पिऊन गेली.

ऑगस्टच्या पंधरा तारखेला नेहमीप्रमाणे आमचं पेन्शन आलं. महिन्याआड येणारा तो दिवस तुला आठवतो ना? पोस्टात आम्हा म्हाताऱ्यांची जत्रा भरायची. पैसे काढायला पाच मिनिटं आणि कोणाच्या सुनेने काय केलं ते ऐकायला तासभर. तू जेवणाच्या सुट्टीत माझी पिशवी धरायला यायचीस, रबरी बूट तसेच, हुडीखाली डोक्याचा रुमाल नीट बांधलेला. पहिल्यांदा आलीस तेव्हा खिडकीतल्या मुलीला वाटलं, तुला पैसे पाठवायचे आहेत. चिझुको मोठ्याने म्हणाली, “ती अजून तरुण आहे हो! दहा वर्षं भरू दे, कंबर वाकू दे, मग येईल रांगेत.” सगळ्या हसल्या, तूही हसलीस. कालवं फोडायच्या शेडकडे परतताना मात्र तू मला हळूच विचारलंस, “आजी, माझ्याही पगारातून पेन्शनचे पैसे कापतात. मग म्हातारी झाल्यावर मलाही मिळेल? इथे, याच पोस्टात?” मी म्हटलं, “का नाही मिळणार? दहा वर्षं राहा म्हणजे झालं.” त्या दिवसापासून पगाराची चिठ्ठी हातात आली की तुझ्याबरोबर तिकडून आलेल्या इतर मुली कापलेल्या रकमेच्या नावाने बोटं मोडायच्या आणि तू ती चिठ्ठी नीट घडी घालून ठेवायचीस. चिझुको म्हणायची, “पैसे कापले म्हणून खूश होणारी ही एकच पोर पाहिली मी.”

तुझं मागचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मासळी बाजाराच्या तोंडाशी पत्र्याखालचा एक गाळा मिळतोय, कसानची गाडी उन्हातून सुटेल, तू आत बसून तळशील, आई शेजारी बसून कापड विकेल. मालकीणबाईंना आगाऊ रक्कम हवी, आणि तिकडचा वर्षअखेरीचा पाऊस सुरू व्हायच्या आत दिली नाही तर गाळा दुसऱ्याला जाणार. हे सगळं तू कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलंस, जसं काही शेजारणीच्या घरची बातमी. वर पुन्हा म्हणतेस, “गाळा काय, दुसरा मिळेल.” त्याच पत्राच्या मधोमध मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलंयस, “जपानच्या पेन्शनचे पैसे मी परत मागणार नाही. सगळ्या मुलींनी मागून घेतले. पण मी माझी सुरी फळीतून काढलेली नाही, मग माझी वर्षं कशी काढून घेऊ?”



आपल्या शेडची रीत तू फार लवकर उचललीस, रुस्मिनी. मी काही शिकवली नव्हती. दुसऱ्याच वर्षी योशिए बाळंतपणाला गेली तेव्हा तिने आपली सुरी आपल्या जागेसमोरच्या फळीत टोकाने खोचली आणि कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेली. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, “ती परत येणार आहे. सुरी आहे तोवर तिथे कोणी बसत नाही.” बस, एवढंच. दुखणं असो, बाळंतपण असो, घरात कोणी गेलेलं असो, सुरी फळीत आणि जागा राखलेली. मालक तोकुजी-सान कितीही घाईत असले तरी त्या जागेवर दुसरीला बसवत नसत. हंगामाच्या ऐन गर्दीत शहरातून आलेला एक मदतनीस चुकून तसा बसला, तेव्हा चिझुकोने त्याला कालवाच्या टोपलीसकट उठवला होता. तुझी इथल्या कामाची मुदत संपली, तू निघालीस, तेव्हा बाकी मुलींनी सुऱ्या धुऊन मालकांच्या हातात दिल्या. तू मात्र आपली घेऊन फळीपाशी गेलीस आणि दोन्ही हातांनी जोर लावून खोचलीस. धक्क्यावर बोट सुटताना मीही ओरडले, “जागा राखते गं!” मी मनापासून ओरडले होते. तूही ते मनापासून ऐकलंस.

म्हणून मागच्या आठवड्यात मी बोटीने शहरातल्या पेन्शन कार्यालयात गेले. चिझुको बरोबर आली, नवा गुडघा चालवून बघायचा म्हणून. खिडकीवरचा मुलगा फार सज्जन. म्हणाला, “आजी, तुमचं पेन्शन तर केव्हाच सुरू झालंय.” मी म्हटलं, “माझं नाही हो, माझ्या नातीचं.” त्याने विचारलं, “नातीचं वय काय?” मी सांगितलं, सव्वीस. तो म्हणाला, “मग अजून पुष्कळ अवकाश आहे!” तेवढ्यात चिझुको पुढे झाली, “अहो, हिला मूलबाळ नाही, नात कुठली! ती इंडोनेशियाची आहे, घरी गेलीय, आणि पैसे मागायला लाजतेय.” त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आम्हाला बसायला खुर्च्या आणून दिल्या.

मग त्याने सगळं समजावून सांगितलं, मला कळेपर्यंत दोनदा. तू इथला पत्ता सोडून गेलीस, त्याला दोन वर्षं व्हायच्या आत पैसे परत मागता येतात. त्यानंतर ते दार बंद. तुझी दोन वर्षं डिसेंबरात पुरी होतात. पैसे घेतलेस तर इथली वर्षं मिटतात. पुढे कधी परत आलीस तर पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, “आणि घेतलेच नाहीत तर?” तो म्हणाला, “वर्षं नोंदीत राहतील. परत येऊन दहा पुरी केली तर म्हातारपणी पेन्शन.” मी म्हटलं, “आणि परत आलीच नाही तर?” तो म्हणाला, “तर काही नाही, आजी.” मी विचारलं, “काही नाही म्हणजे?” तो म्हणाला, “काहीच नाही.” अर्ज तूच करायचा, तिकडूनच पाठवायचा. कोरा अर्ज त्याने दिला तो सोबत जोडलाय, त्यावर तुमच्या भाषेतही छापलंय. पासपोर्टची नक्कल आणि बँकेचा कागद लाव. येणाऱ्या रकमेतून थोडा कर कापतात. तो सोडवायला इथला पत्ता असलेलं एक माणूस लागतं. तिथे माझं नाव घाल. तुझ्या कागदांवर माझं नाव असलेलं मला आवडेल.

आता तू म्हणशील, वर्षं मिटतात ना, मग मी तिथे नव्हतेच असं होईल. असं तू मनात म्हणतेयस हे मला इथे बसून ऐकू येतं. अगं, ती कार्यालयाची मोजणी. त्यांच्याकडे वर्ष म्हणजे कापलेली रक्कम. ती परत दिली की त्यांचा हिशेब मिटला. त्यात राग कसला? त्यांना काय माहीत, पहिल्या हिवाळ्यात तुझी बोटं फुटून रक्त यायचं आणि तू रमझानच्या महिन्यात पाणीसुद्धा न पिता कालवं फोडत बसायचीस, तर तोकुजी-सानही बिचारे तुझ्यासमोर चहा प्यायचे नाहीत, मागच्या दाराशी जाऊन प्यायचे. तू केलेली ती लाल चटणी खाऊन चिझुको तोंड धुवायला समुद्रापर्यंत गेली होती आणि दुसऱ्या दिवशी रिकामी बरणी घेऊन परत आली होती. हे परत द्यायला कोणत्या खिडकीवर अर्ज करणार? कोणी मागितलं तरी मी देणार नाही.

तू प्रत्येक पत्रात विचारतेस, यंदा दोऱ्या कशा भरल्यात, कालवं केवढी झालीत, आणि मी दर वेळी पर्सिमॉनचं नाही तर मांजराचं सांगून वेळ मारून नेते. आता सांगते, कारण त्याचसाठी हे पत्र लिहायला बसले. या उन्हाळ्यात समुद्र तापला तो निवलाच नाही. तराफ्यांखाली समुद्रात सोडलेल्या कालवांच्या दोऱ्या वर ओढल्या तर शिंपले उघडे, आत पाणी. मागच्या वर्षीही निम्मे तसेच निघाले होते, तेव्हा आम्ही कोणी बोललो नाही. परवा तोकुजी-सानांनी आम्हाला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, तेव्हाच समजलो. त्यांनी स्वतःच्या हाताने आम्हाला चहा ओतला आणि म्हणाले, “बायांनो, यंदा शेड उघडत नाही.” चिझुकोने विचारलं, “आणि पुढच्या वर्षी?” ते म्हणाले, “चहा घ्या, गार होतोय.” टेबलं विकायची आहेत, म्हणून आम्ही ज्या त्या आपापल्या सुऱ्या गोळा केल्या. फळीत एक तेवढी उरली. तिला कोणी हात लावेना. शेवटी चिझुको म्हणाली, “फुसाए, ती तुलाच काढायला हवी.” बाई परत यायचीच नसेल तर तिची सुरी शेडमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने काढायची असते, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली नव्हती. गंजून इतकी घट्ट बसली होती की मला दोन्ही हात लावावे लागले, तू खोचताना लावले होतेस तसेच. मग ती घेऊन मी पोस्टात गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, “आजी, पातं परदेशी पार्सलात जाणार नाही.” म्हणून पातं काढून माझ्याकडे ठेवलंय आणि मूठ तुला पाठवतेय. बघ, अंगठ्यापाशी झिजून तुझ्या हाताचा खळगा पडलाय, दुसऱ्या कोणाच्या हातात ती बसत नाही, मी धरून बघितली. तिथल्या लोहाराकडून तिला नवं पातं बसवून घे. इथे राखायला आता जागा उरली नाही, पोरी. तिथे एक आहे, ती जाऊ देऊ नकोस. अर्ज भर, पैसे मागून घे, गाळा घे आणि सुरी तिथल्या फळीत खोच. ज्या दिवशी अर्ज टपालात टाकशील त्याच दिवशी मलाही चार ओळी टाक, उशीर करू नकोस, मी पेन्शनच्या दिवशी पोस्टात सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. आणि ‘मी बरी आहे, आजी’ एवढंच नको. गाळ्याची फळी कोणत्या लाकडाची आहे, ते लिही.

तुझीच,
फुसाए आजी