शेवटी लागलेला फर्मा

लिहून ठेवणार मी, पुस्तक-बांधणीवाल्याचा धाकटा मुलगा, वय सव्वीस, शिक्षण सहावी नापास, काम बोगद्यात सुरुंगासाठी खडकाला भोकं पाडणे. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, कोणी दम दिलेला नाही. येत्या सोमवारपासून आमची टोळी नव्या खोल भागात उतरणार, म्हणून कंपनीने प्रत्येकाकडून असा मृत्युपत्राचा कागद मागितला आहे.

१. घर आप्पांचं आहे. त्यावर मी हक्क सांगत नाही. बँकेत असेल ते ताईला. तिने "कशाला रे" म्हणत बसू नये.

२. बूट आणि डोक्याचा दिवा माझ्या कामावरच्या जोडीदाराला. माझा रेझर त्याने ढापलाच आहे, तोही त्याचाच समजावा.

३. सायकल भाचीला. भावजी म्हणाले होते, "पायाला भिंगरी असलेल्याला सायकल कशाला?" त्यांनी आता पोरीच्या मागे बसावं.

४. आमच्या घरी गोष्टीचं एकच पुस्तक होतं. गिऱ्हाईक शिवायला टाकून गेलं ते परत आलंच नाही. त्यात एक माणूस खाणीत उतरतो. तळाशी त्याला आकाश दिसतं, आणि त्यात काहीतरी निजलेलं, एवढं मोठं की त्याची एक कूसही नजरेत मावत नाही. ते माणसाला मारत नाही. माणूस म्हणून काही असतं हेच त्याला ठाऊक नाही. रविवारी दुपारी आप्पा खळीचे हात पुसून वाचायचे. आम्ही भिऊन आईच्या कुशीत शिरायचो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच मागायचो. आई म्हणायची, "ते ऐकलं की हे चार भिंतींचं घर बरं वाटतं."

शेवटी तो माणूस घरी येतो. बायको दार उघडते, गरम पाणी काढते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तेवढंच मागायची. "येतो ना हो तो?" शेवटच्या दिवशीही आप्पांनी वाचलं. त्याच दुपारी ती गेली.

५. माझा गुन्हा. इथे बराकीत, सोडून गेलेल्या कामगाराच्या खाटेखाली त्याच पुस्तकाची दुसरी प्रत सापडली. ओळीवर बोट ठेवून चार महिने वाचली. यात तो माणूस मध्येच घरी येतो. त्याला करमत नाही. पुन्हा उतरतो, आणि येत नाही. घरच्या प्रतीत आप्पांनी तो घरी येण्याचा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेली सोळा पानं, चुकून शेवटी शिवला होता. कडा कापताना पानांचे आकडे उडाले होते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मध्ये जरा तुटल्यासारखं वाटायचं, पण भीतीच्या गोष्टीत तेवढं खपतं.

ती प्रत घेऊन सुट्टीवर गेलो आणि दोन गिऱ्हाइकांसमोर बोललो, "तीस वर्षं बांधणी करता आप्पा, एक फर्मा जागेवर लावता येईना? तो घरी येतच नाही."

आप्पांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पान न् पान ताडलं. मग म्हणाले, "म्हणजे जाताना मी तिला खोटं वाचलं."

पानं शिवायचा टोचा त्यांनी खणात टाकला. तीन वर्षं झाली, बाहेर काढलेला नाही, असं ताई सांगते. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सटकलो होतो.

६. गेल्या महिन्यात बोगद्याचं छत बसलं. आमच्यातला एक गेला. डोंगराला त्याची खबरही नाही. ही गोष्ट लोक अजून का वाचतात ते मला तिथे कळलं. खालचं ते खरंच आहे, आम्ही रोज जेवणाचा डबा घेऊन त्याच्या पोटात जातो. माणूस घरी येतो ते पान कुठे लावायचं, एवढंच आपल्याकडे उरतं. आप्पांचा हात चुकला आणि बरोबर लागलं.

७. साहेब म्हणतात, हा कागद मी मेल्यावरच उघडतात. हे कलम त्यातून वगळावं. नक्कल आजच ताईला पाठवतो, तिने आप्पांना वाचून दाखवावी.

आप्पा, मी चुकलो. तुम्ही आईला खोटं वाचलं नाही. बराकीतली प्रत शिवण उसवून सोबत पाठवली आहे. ती तुमच्या क्रमाने शिवा. शिवायला घेतलीत तर ताईने फोन करावा, मी काम टाकून निघतो. नाही घेतलीत तरी करावा, म्हणजे मी फोनपाशी बसायचं सोडीन.

लिहिणाऱ्याची सही: बांधणीवाल्याचा धाकटा

आमच्यासमोर सही केली:
१. टोळीचा मुकादम (सही)
२. खानावळीचा आचारी (हात भाजल्याने अंगठा)

ठिकाण: बोगद्याच्या तोंडाजवळची बराक क्रमांक तीन
तारीख: चौदा मार्च, मंगळवार