गुरुवारी तुम्ही आम्हाला फिरायला न्यायचात

अण्णा,

आपण चिखलीला राहायला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि धाकटी चार. लातूरकडचं गाव सोडून आलो, कारण चाकणच्या एका कंपनीत तुम्हाला प्रेसवर काम लागलं होतं. पत्रा ठेवायचा, हात काढून घ्यायचा, मशीन खाली आदळणार, पुन्हा पत्रा ठेवायचा. पहिल्या आठवड्यात घरी आल्यावर तुम्ही जेवताना हे आम्हाला हातवारे करून दाखवलं होतं आणि मशीन आदळल्याचा आवाज तोंडाने काढला होता, तेव्हा धाकटी दचकून आईच्या मांडीवरून खाली पडली आणि आपण चौघंही हसलो होतो. इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही, हे आईला पटायला महिना गेला. पटल्यावर पंचाईत अशी झाली की आमची शाळा गुरुवारी भरायची आणि तुम्हाला तर फिरायला जायचं होतं. तुम्ही म्हणालात, "शाळा रोजच आहे. नव्या मुलखात आलोय, तर मुलूख बघायला पाहिजे." तुमची गाडी जुनीच घेतलेली. धाकटी टाकीवर, मग तुम्ही, मग मी दोघांच्या मध्ये चेपून, आणि मागे एका बाजूला पाय सोडून आई, मांडीवर डबा.

पहिल्यांदा आपण निगडीच्या टेकडीवर गेलो. आईने लग्नातली साडी नेसली होती. वर झाडाखाली एक कुटुंब बसलं होतं, त्यांच्या शेजारी तिने चादर अंथरली आणि त्या बाईला सहज, आपल्या गावाकडच्या बोलीत विचारलं, "काय करलालाव ताई, डबा आणला नाही का?" बाई नवऱ्याकडे बघून हसली. "करलालाव" असं त्याने पुन्हा म्हणून दाखवलं आणि मग त्यांची मुलंही ते म्हणायला लागली. तुम्हीही हसलात, अण्णा, त्यांच्यापेक्षा मोठ्याने. मी तुमच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं की तुमची मान लाल झाली आहे. आपण पुरी-भाजी खाल्ली. उतरताना वळणावर माणसं नव्हती, तिथे तुम्ही आईच्या हातातला डबा काढून माझ्याकडे दिलात आणि तिच्या कानाखाली मारलीत. ती झाडाच्या खोडावर आदळली. "इथलं बोलायला शीक," तुम्ही म्हणालात. "मला इथं राहायचंय." आवाज चढवला नव्हता. मग गाडी सुरू केलीत आणि आम्ही तिघी नेहमीच्या जागी बसलो. आईचं कपाळ माझ्या डोक्याला टेकलं होतं, आणि घरी आल्यावर केस विंचरताना मला त्यात वाळलेलं रक्त सापडलं.

त्यानंतर दर गुरुवारी काहीतरी व्हायचं. सगळी सहल वाईट असायची असं नाही, हे मला न्यायाने लिहायला हवं. देहूला घाटावर तुम्ही आम्हाला मासे दाखवलेत, धाकटीला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरलात. चाकणच्या रस्त्याला थांबून ऊस खायला घातलात. पण तुमच्यात काय बिनसेल आणि कधी, हे कळायचं नाही. तुम्ही गाडी चालवता चालवता मला गावांची नावं विचारायचात. आकुर्डीनंतर काय? निगडीनंतर काय? देहूरोडनंतर कुठला फाटा? चुकलं की मागे न बघता कोपर मारायचात, ते माझ्या बरगडीत बसायचं. श्वास कोंडायचा, पण रडलं तर आईला दुसरं कोपर बसणार हे मला ठाऊक होतं. दोन महिन्यांत मला भोसरीपासून कामशेतपर्यंत सगळी नावं ओळीने पाठ झाली. आईची भाषाही बदलली. ती कमी बोलायला लागली, आणि बोलली तर आधी तुमच्याकडे बघून.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आपण पवनेच्या धरणावर गेलो. पाणी खूप खाली गेलं होतं, काठावर भेगाळलेला चिखल आणि गोटे. आपण बसतोय तोच तुमच्या कंपनीतला सुपरवायझर आला, बायकोला घेऊन. तुम्ही ताडकन उठून उभे राहिलात. आईने त्यांना भाकरी आणि ठेचा दिला, त्यांनी आवडीने खाल्लं. तो माणूस वाईट नव्हता. हात धुता धुता तो म्हणाला, "वहिनी, यांना जरा समजवा राव. महिनाभर झाडू मारतायत, किती दिवस मारणार? साहेबांकडे जाऊन एकदा सॉरी म्हणा म्हणावं, परत प्रेसवर घेतील." आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच नव्हतं. तिने साधेपणाने विचारलं, "झाडू? ह्यांनी का?" मग त्याने सांगितलं की तुमच्या हातून एक अख्खा लॉट खराब झाला होता आणि जाब विचारला तर तुम्ही उलट बोलला होतात. तुम्ही तेवढा वेळ पाण्याकडे बघत हसत उभे होतात. ते दोघं त्यांच्या गाडीकडे गेले, वळून हात केला, तुम्हीही हात केलात.

गाडी दिसेनाशी झाली तसे तुम्ही आईच्या अंबाड्याला धरलंत. ती बसलेली होती, तुम्ही तिला तशीच ओढत नेलंत, तिचे पाय गोट्यांवरून फरफटत गेले, एक चप्पल मागेच राहिली. गुडघाभर पाण्यात गेल्यावर तुम्ही तिचं डोकं खाली दाबलंत. वर काढून म्हणालात, "विचार. अजून विचार की." पुन्हा दाबलंत. मी मोजत नव्हते, पण दुसऱ्या वेळी ती जास्त वेळ खाली होती आणि तिचे हात तुमच्या मनगटाला ओरबाडत होते. तिसऱ्या वेळी हात ओरबाडत नव्हते. धाकटी डब्याचं झाकण छातीशी धरून उभी होती आणि तिच्या पायांवरून मूत गळत होतं. मी दोन्ही हातांनी गोटा उचलला, पाण्यात गेले आणि तुमच्या डोक्यात घातला. तुम्ही सोडलंत. एकदा वळून माझ्याकडे बघितलंत, आश्चर्याने, आणि पाण्यात बसलात. कानाच्या वरून रक्त इतकं आलं की तुमचा शर्ट खांद्यापासून खिशापर्यंत लाल झाला. मी दुसऱ्यांदा गोटा उचलत होते.

"टाक ते. टाक म्हनते ना पोरी." उतारावर गवत कापणारी एक म्हातारी खाली आली होती, हातात कोयता. तिने आधी आईला बाहेर ओढलं, पालथी करून पाठीवर थापट्या मारल्या, आईच्या नाकातोंडातून पाणी आलं आणि ती खोकायला लागली. मग म्हातारी तुमच्यासमोर उभी राहिली. तुम्ही म्हणालात, "आमचं घरातलं आहे, मावशी." ती म्हणाली, "घरातलं हाय तर घरात करायचं व्हतं. हितं आमी पानी पितो." कोयता तिने खाली ठेवला नाही. दुसऱ्या हाताने स्वतःच्या डोक्यावरचं फडकं सोडून ते तुमच्या जखमेवर दाबलं आणि आईला म्हणाली, "पोरीनं मारलं म्हनून वाचला. मी आदी आले असते तर ह्यो उठला नसता. परत ह्याच्यासंगं जायाचं का न्हाई, तूच बघ. माझ्या घरी जागा हाय." आईने ओला पदर पिळला. मग म्हणाली, "पोरींची शाळा हाय तिकडं." एवढंच.

म्हणून आपण चौघं परत त्याच गाडीवर बसलो. तुम्ही चालवत होतात, आणि आईने मागून माझ्या डोक्यावरून हात लांब करून ते फडकं तुमच्या जखमेवर धरलं होतं. अख्खा रस्ता. हात तिने काढला नाही. देहूरोडला एका दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, कसं लागलं. "घसरलो," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे बघितलंत. डॉक्टरांनी आईच्या मानेवरचे वळ बघितले, तिच्या ओल्या साडीकडे बघितलं, आणि पुढचा टाका घातला.

तुम्ही मला त्या गोष्टीबद्दल कधीच काही बोलला नाहीत. मला मारलंही नाहीत, त्यानंतर कधीच. आईला मात्र तुम्ही मारायचं थांबवलं नाहीत. चार महिन्यांनी पुन्हा सुरू केलंत, आता खोलीतच. फरक एवढाच झाला की ती आता ओरडायची. पलीकडे गॅरेजवाल्या चाचांचं घर होतं, चाची लाटणं हातात घेऊनच धावत यायच्या आणि दारात उभ्या राहून म्हणायच्या, "भाईजान, मैं यहीं खड़ी हूँ." तुम्ही खाली बसायचात. त्याच चाचींनी आईला रबराचे पार्ट पॅक करायच्या वर्कशॉपमध्ये लावून दिलं. एका गुरुवारी तुम्ही सकाळी बूट घालून म्हणालात, "चला, तयार व्हा." आई म्हणाली, "आम्ही येत नाही." तुम्ही उंबऱ्यात बसलात, बूट घातलेलेच, दुपारपर्यंत. मला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. तुम्ही बूट काढलेत आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. त्यानंतर दीड वर्षाने कंपनीच्या बसमध्ये तुमची छाती दुखली आणि चाकणला पोचायच्या आत तुम्ही गेलात. अडतीस वर्षांचे होतात. मी आता तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे.

आम्ही इथलेच झालो, अण्णा. धाकटी पिंपळ्यात असते, तिला तुमचा चेहरा नीट आठवत नाही. मी आकुर्डीला राहते, चाकणलाच एका कंपनीत क्वालिटीला आहे, माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. माझं बोलणं ऐकून मी कुठली हे कुणाला ओळखू येत नाही. आई माझ्याकडेच असते. नवरा शांत माणूस आहे, आणि मुलगी नऊ वर्षांची.

गेल्या रविवारी मी रजा टाकली आणि आम्ही सगळे पवनेला गेलो होतो. नवऱ्यानेच ठरवलं, त्याला यातलं काही माहीत नाही. आई म्हणाली, जाऊ की. कंपनीतला फोन आला म्हणून मी बाजूला गेले. साहेब माझ्यावर ओरडत होते, मी "हो सर, हो सर" म्हणत होते. मागे वळले तर मुलगी शेजारच्या चटईवरच्या मंडळींना माझी नक्कल करून दाखवत होती, मान वाकवून, "हो सर, हो सर," आणि ते हसत होते. मी चालत गेले आणि तिला मारलं. एकदा गालावर, आणि ती पडली तेव्हा खाली वाकून पुन्हा, पाठीत. तिसऱ्यांदा नवऱ्याने माझा हात धरला. "काय करतेस?" तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. मुलगी रडली नाही. कोण कोण बघतंय ते तिने आधी बघून घेतलं. आई गुडघ्यावर हात टेकत उठली, नातीला उचलून तिने आपल्या पाठीमागे घेतलं आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. साठी उलटलेली बाई. ती मला काही बोलली नाही. घरी येईपर्यंत नाही आणि आज चार दिवस झाले तरी नाही. रात्री मुलीला ती स्वतःजवळ झोपवते.

मी मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे मम्मा," पटकन, विषय संपावा म्हणून. नवऱ्याशी बोलले, त्याने मला एका समुपदेशक बाईंचा नंबर काढून दिला, मी उद्या जाणार आहे. त्या विचारतील तेव्हा तुमच्याबद्दल सांगेन, धरणाबद्दल सांगेन, गोट्याबद्दलही. ते सांगायला आता जड जाणार नाही, इथे लिहून झालं आहे. एक गोष्ट मात्र त्यांना सांगता येईल की नाही मला माहीत नाही, आणि ती सांगण्यासारखं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं सुचलं नाही, म्हणून पहाटे उठून हे लिहायला बसले. आईला जाग आली आहे, तिच्या हाती लागायच्या आत हे कागद मी फाडणार आहे.

पहिली चापट बसली ना अण्णा, तेव्हा मला बरं वाटलं होतं.